कोर्टाबाहेरचं मेडल

३९ ग्रँड स्लॅम जिंकणाऱ्या बाईला तिच्या देशाने सर्वोच्च सन्मान दिला, तो मुख्यतः टेनिससाठी नाही. 'आम्हालाही तेवढेच पैसे द्या' हे तिने तोंडावर सांगितलं आणि शेवटपर्यंत लावून धरलं, त्यासाठी. बिली जीन किंगची ही गोष्ट तुमच्या पुढच्या अप्रेझलच्या आधी वाचायलाच हवी!

मेडल कशाचं मिळतं? धावण्याचं, पोहण्याचं, जिंकण्याचं. शाळेच्या गॅदरिंगपासून आपल्याला हेच शिकवलंय. आपल्याकडचे अर्जुन पुरस्कार, खेलरत्न हेही मैदानावरच्या कामगिरीसाठी असतात, आणि ते बरोबरच आहे. भांडण्याबद्दल मात्र कुणी मेडल देत नाही. भांडणाऱ्या मुलीला फार तर 'जरा अ‍ॅटिट्यूड आहे हं तिला' असं सर्टिफिकेट मिळतं, तेही पाठीमागे.

म्हणूनच १२ ऑगस्ट २००९ या दिवशी व्हाइट हाऊसच्या ईस्ट रूममध्ये जे झालं ते मला फार आवडतं. बराक ओबामांनी त्या दिवशी १६ जणांना 'प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम' दिलं. अमेरिकेतला हा सर्वोच्च नागरी सन्मानांपैकी एक. यादीत कोण कोण होतं? शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग, आर्चबिशप डेस्मंड टुटू, अभिनेते सिडनी पॉइटिए, बांगलादेशचे मुहम्मद युनूस. आणि यांच्या रांगेत ६५ वर्षांची, चष्मा लावणारी एक माजी टेनिसपटू. हा सन्मान मिळवणारी पहिली महिला खेळाडू, बिली जीन किंग.

ओबामांनी तिची टायटल्स मोजली खरी, पण भर दिला तो दुसऱ्याच गोष्टीवर. बिली जीन स्वतः ज्याला 'कोर्टाबाहेरची कामं' म्हणते, त्यांच्यासाठी हा गौरव असल्याचं ते म्हणाले. बायका स्वतःकडे कशा बघतात हे तिने बदललं आणि त्यात आपल्या दोन मुलीही आल्या, हेही त्यांनी सांगितलं. म्हणजे बघा, विम्बल्डनच्या २० ट्रॉफ्या एका बाजूला आणि 'कटकट' दुसऱ्या बाजूला. देशाने मेडल दिलं ते कटकटीसाठी!

चड्डी घातली म्हणून फोटोबाहेर

बिली जीन मॉफिट. जन्म २२ नोव्हेंबर १९४३, कॅलिफोर्नियातलं लाँग बीच. वडील फायर ब्रिगेडमध्ये, आई घर सांभाळणारी. चारचौघांसारखं मध्यमवर्गीय घर. धाकटा भाऊ रँडी पुढे मोठ्या लीगमध्ये बेसबॉल खेळला. हिला मात्र टेनिस लागलं. त्या काळी टेनिस म्हणजे क्लबवाल्या बड्या घरांचा खेळ. हिने इकडची तिकडची कामं करून आठ डॉलर जमवले आणि पहिली रॅकेट घेतली. शिकली ती म्युनिसिपालिटीच्या फुकट कोर्टवर.

१९५५ मध्ये लॉस एंजेलिस टेनिस क्लबमध्ये ज्युनिअर मुलांचा ग्रुप फोटो काढत होते. हिला त्यातून बाजूला काढलं. कारण? टेनिसचा स्कर्ट नव्हता, आईने शिवलेली पांढरी हाफ पँट होती. अकरा वर्षांची पोर. आपल्यातल्या कितीजणींना असा एखादा फोटो आठवतो, ज्यात आपण नाही?

त्याच सुमारास तिला आणखी एक गोष्ट जाणवली. खेळाडूंचे कपडे पांढरे, बूट पांढरे, चेंडू पांढरे आणि खेळणारी माणसंही सगळी गोरी. मग बाकीचे कुठे आहेत, हा प्रश्न तिला पडला. आपण बायकांसाठी भांडणार, असं तिने तेव्हा ठरवलं नव्हतं. जे या कोर्टावर येऊच शकत नाहीत त्या सगळ्यांसाठी काहीतरी करायचं, एवढंच डोक्यात होतं. पुढच्या सगळ्या गोष्टी कळायला ही सुरुवात महत्त्वाची.

१९६१ मध्ये कॅरन हँट्झबरोबर ती विम्बल्डनची डबल्स जिंकली तेव्हा होती फक्त १७ वर्षांची. बरं, विम्बल्डन चॅम्पियन झाल्यावर कॉलेजने काय दिलं? काही नाही. लॉस एंजेलिसमध्येच आर्थर अ‍ॅशसारख्या खेळाडूला विद्यापीठाची स्कॉलरशिप होती. हिला नव्हती. मुलींना खेळासाठी स्कॉलरशिप देतात, ही कल्पनाच नव्हती. ही कॉलेज करत होती आणि फीसाठी नोकऱ्याही करत होती.

२००० विरुद्ध ७५०

१९६८ मध्ये विम्बल्डन 'ओपन' झालं, म्हणजे प्रोफेशनल खेळाडूंनाही उघड बक्षिसाची रक्कम मिळू लागली. पुरुषांचा विजेता रॉड लेव्हर, त्याला २००० पौंड. बायकांची विजेती बिली जीन, तिला ७५० पौंड. कोर्ट एकच, नेट तेवढंच, प्रेक्षक तेच. रक्कम मात्र निम्म्याहूनही कमी.

१९७० मध्ये तर कहर झाला. लॉस एंजेलिसच्या पॅसिफिक साउथवेस्ट स्पर्धेत पुरुष विजेत्याला १२,५०० डॉलर आणि महिला विजेतीला १,५०० डॉलर जाहीर झाले. स्पर्धेचा कर्ताधर्ता होता जॅक क्रेमर, एकेकाळचा विम्बल्डन विजेता. रक्कम वाढवायची त्याची तयारी नव्हती. लोक पैसे मोजतात ते पुरुषांचा खेळ बघायला, असं त्या वेळच्या टेनिसवाल्यांचं ठरलेलं उत्तर.

मग नऊ जणींनी काय केलं? त्या उठल्या आणि ह्यूस्टनला गेल्या. 'वर्ल्ड टेनिस' मासिकाच्या प्रकाशक ग्लॅडिस हेल्डमन यांनी तिथे बायकांची वेगळी स्पर्धा उभी केली. २३ सप्टेंबर १९७० या दिवशी नऊ जणींनी प्रत्येकी एक डॉलर घेऊन करारावर सह्या केल्या. हो, एकच डॉलर! रोझी कॅसल्स, नॅन्सी रिची, ज्युली हेल्डमन, पीचेस बार्टकोविझ, क्रिस्टी पिजन, व्हॅलेरी झीगेनफस, ऑस्ट्रेलियाच्या ज्युडी डाल्टन आणि केरी मेलव्हिल, आणि बिली जीन. एक डॉलरची नोट हातात धरून हसणाऱ्या मुलींचा तो फोटो टेनिसच्या इतिहासात अजरामर झाला. या वेळी फोटोबाहेर कुणी काढू शकलं नाही.

हसत होत्या, पण पणाला काय लागलं होतं? सगळंच. टेनिस असोसिएशनने बंदीची कारवाई केली. ग्रँड स्लॅम खेळायला मिळणार की नाही याचीच खात्री नव्हती. घरात बसून 'जाऊ दे ना, मिळतंय ते घ्या' म्हणणारी माणसं तिथेही होतीच. आणि ज्यांचं नाव मोठं होतं त्या इतर काही खेळाडू सही करायला आल्या नाहीत.

आता यातली गंमत ऐका, जराशी कडू आहे. या नव्या स्पर्धांना पैसा दिला तो 'व्हर्जिनिया स्लिम्स' या बायकांसाठी काढलेल्या सिगरेटने. खेळाडूंच्या फुप्फुसांसाठी काही आदर्श स्पॉन्सर नव्हे! यावर तेव्हाही टीका झाली आणि आजही होते. पण दुसरं कुणी दार उघडत नव्हतं, हेही तितकंच खरं. समान हक्कांचा इतिहास नेहमी स्वच्छ इस्त्रीचा नसतो. पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, बिली जीन एका मोसमात एक लाख डॉलर कमावणारी पहिली महिला खेळाडू झाली.

'त्याला घर चालवायचंय'

इथे थोडं माझं सांगते. माझ्या एका जुन्या ऑफिसात (नाव नको) मी आणि माझा एक मित्र एकाच महिन्यात जॉइन झालो होतो. डिग्री तीच, काम तेच, रात्रीचे जागरण-पिझ्झाही तेच. एक दिवस प्रिंटरवर त्याचं इन्क्रिमेंट लेटर पडलेलं होतं. माझ्यापेक्षा २२ टक्के जास्त. त्याने लपवलं नव्हतं बिचाऱ्याने, मी कधी विचारलंच नव्हतं आणि त्याने कधी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे पगार विचारणं म्हणजे असभ्यपणा ना!

मी बॉसकडे गेले. बॉस वाईट माणूस नव्हता. शांतपणे म्हणाला, 'अगं, त्याला घर चालवायचंय.' मी म्हटलं, 'सर, घरभाडं मीही देते.' तो हसला आणि म्हणाला, 'पुढच्या सायकलला बघू.' ती सायकल कधी आलीच नाही. पुढे मी ती नोकरी सोडली. पण त्या एका वाक्याने जे सांगितलं ते लक्षात राहिलं. त्याचा पगार म्हणजे गरज आणि माझा पगार म्हणजे पॉकेटमनी.

बिली जीनच्या काळातला युक्तिवाद याचाच थोरला भाऊ होता. पुरुष खेळाडूंना कुटुंब असतं, बायकांचं काय, लग्न झालं की खेळ सुटणार. त्या काळात अमेरिकेत बायकांना स्वतःच्या नावावर क्रेडिट कार्ड काढतानाही अनेकदा नवऱ्याची सही मागत. कर्ज देताना बाई म्हणून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा तिथे १९७४ मध्ये आला. जिच्या कमाईवर घर चालत होतं तिची ही अवस्था!

नुसती तक्रार नाही, तोडगाही

१९७२ ची यूएस ओपन बिली जीनने जिंकली. चेक १०,००० डॉलरचा. पुरुषांत इली नास्तासे जिंकला, त्याला २५,००० डॉलर. बिली जीनने जाहीर करून टाकलं की पुढच्या वर्षी रक्कम सारखी नसेल तर आम्ही येणार नाही.

एवढं सांगून ती घरी जाऊन रुसून बसली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. तिने पुढचं काम केलं. स्पर्धेचे संचालक बिल टॅल्बर्ट यांच्याशी बोलताना तिने फरकाची रक्कम भरून देणारा स्पॉन्सरच पुढे ठेवला. डिओडरंट बनवणारी कंपनी तयार होती. 'बजेट नाही' हे जगातल्या प्रत्येक एचआरचं आवडतं वाक्य, ते बोलायला जागाच उरली नाही.

१९७३ मध्ये यूएस ओपन ही स्त्री-पुरुषांना सारखी रक्कम देणारी पहिली ग्रँड स्लॅम स्पर्धा ठरली. दोघांनाही २५,००० डॉलर. आणि तो ऐतिहासिक चेक मिळाला कुणाला? बिली जीनला नाही. ती आजारी होती आणि उन्हाच्या काहिलीत तिला मॅच अर्धवट सोडावी लागली. चेक गेला मार्गारेट कोर्टला, जिला या चळवळीत फारसा रस नव्हता! हक्कांच्या लढाईत असंच होतं. भांडतं एक आणि फायदा सगळ्यांना होतो, न भांडणाऱ्यांनाही.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये, विम्बल्डनच्या तोंडावर, लंडनच्या ग्लॉस्टर हॉटेलात साठेक खेळाडू एका खोलीत जमल्या. निर्णय होईपर्यंत कुणी बाहेर पडू नये म्हणून धिप्पाड डच खेळाडू बेटी स्टोव्हला दारावर उभं केलं होतं. त्या खोलीतून बाहेर आली विमेन्स टेनिस असोसिएशन, म्हणजे आजची डब्ल्यूटीए. पहिली अध्यक्ष अर्थातच बिली जीन. आणि मीटिंगा करून दमलेल्या या बाईने त्या विम्बल्डनमध्ये काय केलं? सिंगल्स, डबल्स, मिक्स्ड तिन्ही जिंकली!

डुकराचं पिल्लू आणि लॉलीपॉप

आता ती प्रसिद्ध मॅच. बॉबी रिग्ज, वय ५५, १९३९ चा विम्बल्डन विजेता, पैजा लावण्याचा शौकीन आणि तोंडाचा तोफखाना. म्हातारपणीही कुठल्याही बाईला हरवेन, असं तो सांगत सुटला होता. बिली जीनने सुरुवातीला त्याला भाव दिला नाही. मग मार्गारेट कोर्टने आव्हान घेतलं आणि मे १९७३ मध्ये, नेमकी मदर्स डेला, ती ६-२, ६-१ अशी हरली. वर्तमानपत्रांची दिवाळी झाली. आता बिली जीनला खेळणं भागच होतं.

२० सप्टेंबर १९७३, ह्यूस्टनचं अ‍ॅस्ट्रोडोम. ३०,४७२ प्रेक्षक. टीव्हीवर कोट्यवधी लोक. जिंकणाऱ्याला एक लाख डॉलर, हरणाऱ्याला काही नाही. थाट म्हणाल तर आपल्या एखाद्या शाही लग्नाच्या वरातीला लाजवेल असा. बिली जीन क्लिओपात्रासारखी पालखीत आणि पालखी उचललेली उघड्या छातीच्या तगड्या पोरांनी. रिग्ज मुलींनी ओढलेल्या रिक्षात. त्याने तिला भलंमोठं लॉलीपॉप दिलं. तिने त्याला डुकराचं पिल्लू भेट दिलं, कारण पुरुषी वर्चस्ववाल्यांना तेव्हा अमेरिकेत 'पिग' म्हणत!

पण या तमाशामागे ती किती गंभीर होती बघा. टीव्हीवर समालोचनाला जॅक क्रेमर बसणार होता. तोच, साडेबारा हजार-दीड हजारांच्या हिशोबातला. बिली जीनने सांगितलं, तो बसणार असेल तर मी खेळणार नाही. क्रेमर बाजूला झाला. तरी समालोचक हॉवर्ड कोसेल तिच्या खेळाआधी तिच्या दिसण्यावर घसरलाच. केस वाढवले आणि चष्मा काढला तर सिनेमात शोभेल, अशा अर्थाचं काहीतरी. ऑफिसमध्ये प्रेझेंटेशन संपल्यावर 'छान दिसतेयस आज' ऐकलेल्या सगळ्याजणींना हे ओळखीचं वाटेल.

बिली जीनचा नेहमीचा खेळ म्हणजे सर्व्ह करायची आणि नेटवर धावायचं. त्या दिवशी तिने तो बदलला. मागे राहून लांब लांब रॅली खेळली आणि रिग्जला या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पळवलं. ६-४, ६-३, ६-३. सरळ तीन सेट, आणि तेही पुरुषांच्या पाच सेटच्या नियमाने.

यातून टेनिसच्या दृष्टीने काय सिद्ध झालं? प्रामाणिकपणे सांगायचं तर फारसं नाही. २९ वर्षांची चॅम्पियन ५५ वर्षांच्या माणसाला हरवणार, यात नवल ते काय! हे तिलाही माहीत होतं. पण हरली असती तर? खेळातही मुलींना समान संधी देणारा 'टायटल नाइन' कायदा १९७२ मध्ये नुकताच आला होता. आपण हरलो तर बायकांचा खेळ ५० वर्षं मागे जाईल, अशी भीती तेव्हा वाटत होती, असं तिने नंतर अनेकदा सांगितलं. जिंकून मिळण्यापेक्षा हरून गमावण्यासारखं जास्त होतं. तरी ती उतरली. आणि रिग्ज? त्याच्याशी तिची पुढे छान मैत्री झाली, ती १९९५ मध्ये तो जाईपर्यंत टिकली.

चोवीस तासांत सगळं गेलं

इथवरची गोष्ट सिनेमासारखी आहे आणि त्यावर २०१७ मध्ये सिनेमा आलाही. पण माझ्या मते तिची खरी परीक्षा १९८१ मध्ये झाली.

बिली जीनचं १९६५ मध्ये लॅरी किंगशी लग्न झालं होतं. तिचं एका स्त्रीशी असलेलं नातं १९८१ मध्ये, तेही ते संपल्यानंतर, कोर्टकेसमुळे चव्हाट्यावर आलं. ती स्वतःहून बोलली नव्हती, तिला उघडं पाडलं गेलं. जवळच्यांनी सल्ला दिला, नाकारून टाक. तिने प्रेस कॉन्फरन्स घेतली आणि नातं होतं हे मान्य केलं. चोवीस तासांत जवळजवळ सगळ्या जाहिराती गेल्या, असं ती सांगते. निवृत्त व्हायच्या विचारात असलेली ही बाई वकिलांची बिलं फेडायला पुन्हा खेळत राहिली. १९८३ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, विम्बल्डनच्या सेमीफायनलपर्यंत गेली!

केस पुढे टिकली नाही. पण मनातली गाठ सुटायला आणखी बरीच वर्षं लागली. स्वतःबद्दल मोकळेपणाने बोलता आलं तेव्हा पन्नाशी उलटली होती, असं ती म्हणते. आईवडिलांशी हे बोलणं तिला सगळ्यांत जड गेलं. दुसऱ्यांच्या हक्कांसाठी स्टेडियम हलवणारी बाई स्वतःच्या घरच्या डायनिंग टेबलावर गप्प होती. हे वाचून मला तिच्याबद्दलचा आदर कमी वाटला नाही, उलट ती जवळची वाटली. लॅरीपासून ती १९८७ मध्ये वेगळी झाली आणि २०१८ मध्ये तिने माजी टेनिसपटू इलाना क्लॉसशी लग्न केलं.

आता परत त्या २००९ च्या ईस्ट रूममध्ये चला. त्याच दिवशी मेडल मिळालेल्यांत आणखी एक नाव होतं हार्वे मिल्क, उघडपणे समलिंगी असलेला सॅन फ्रान्सिस्कोचा लोकप्रतिनिधी, ज्याची १९७८ मध्ये हत्या झाली. त्याला हा सन्मान मरणोत्तर. ज्या कारणासाठी १९८१ मध्ये बिली जीनच्या जाहिराती काढून घेतल्या, तेच कारण २००९ मध्ये तिच्या मानपत्राचा भाग झालं. २८ वर्षांत देश एवढा बदलला, आणि तो आपोआप बदलला नाही.

२०१४ मध्ये रशियातल्या सोची विंटर ऑलिम्पिकसाठी ओबामांनी तिला अमेरिकेच्या शिष्टमंडळात घेतलं. रशियाच्या समलिंगीविरोधी कायद्याला दिलेलं ते न बोलता उत्तर होतं. पण उद्घाटनाच्याच दिवशी तिची आई गेली. ती उद्घाटनाला गेली नाही, समारोपाला गेली. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिला काँग्रेशनल गोल्ड मेडल देण्याच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी सही केली. वैयक्तिकरीत्या हा मान मिळालेली ती पहिली महिला खेळाडू.

पाच सेट, तीन सेट आणि आपण

'पण बायका तीनच सेट खेळतात ना?' हा प्रश्न कॅन्टीनमध्ये येणारच. मग मला सांगा, सव्वातीन तासांच्या रटाळ सिनेमाचं तिकीट दोन तासांच्या झकास सिनेमापेक्षा महाग असतं का? लोक खेळ बघायला येतात, घड्याळ बघायला नाही. तरी हा वाद विम्बल्डनमध्ये फार वर्षं चालला. २००६ मध्ये रॉजर फेडररला ६,५५,००० पौंड मिळाले आणि अमेली मॉरेस्मोला ६,२५,०००. फरक फक्त ३०,००० चा. एवढ्या श्रीमंत स्पर्धेला तो सहज परवडला असता, पण तत्त्व सोडवत नव्हतं! व्हीनस विल्यम्सने त्या वर्षी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये लेख लिहून जाब विचारला. २००७ मध्ये विम्बल्डन नमलं. फेडररला सात लाख पौंड आणि महिला विजेतीलाही सात लाख. विजेती कोण होती? व्हीनसच! यूएस ओपननंतर तब्बल ३४ वर्षांनी.

आपल्याकडे? स्क्वॉशपटू दीपिका पल्लिकलने बक्षिसाची रक्कम सारखी नाही म्हणून काही वर्षं राष्ट्रीय स्पर्धेवर बहिष्कार टाकला आणि रक्कम सारखी झाल्यावर, २०१६ मध्ये, ती परत आली. ऑक्टोबर २०२२ मध्ये बीसीसीआयने महिलांची मॅच फी पुरुषांइतकी केली. टेस्टला १५ लाख, वनडेला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी वर्ल्ड कप उचलला. सांगलीची स्मृती मानधना आणि मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज त्यात होत्या. त्या स्पर्धेच्या विजेत्यांचं बक्षीस होतं ४४.८ लाख डॉलर. २०२३ च्या पुरुषांच्या वर्ल्ड कप विजेत्यांना मिळाले होते ४० लाख. म्हणजे त्या वेळी बायकांचा चेक मोठा! पण लगेच पेढे वाटू नका. बीसीसीआयच्या २०२४-२५ च्या वार्षिक करारांत पुरुषांच्या सर्वांत वरच्या श्रेणीला ७ कोटी होते आणि महिलांच्या वरच्या श्रेणीला ५० लाख.

आणि बिली जीनचं नाव पुण्यातही येऊन गेलं बरं का! बायकांच्या फेड कपचं २०२० मध्ये 'बिली जीन किंग कप' असं नामकरण झालं. एप्रिल २०२५ मध्ये या स्पर्धेच्या आशिया-ओशनिया गटाचे सामने म्हाळुंगे-बालेवाडीला झाले. श्रीवल्ली भामिदिपतीने पाचही सिंगल्स जिंकल्या आणि भारत प्लेऑफला पोचला. मी एक दिवस हाफ डे टाकून गेले होते. माझ्या पुढच्या रांगेत आठ-नऊ वर्षांची एक मुलगी होती, हाफ पँट आणि टोपी घातलेली. बॅनर वाचून तिने विचारलं, 'बाबा, बिली जीन किंग कोण?' बाबा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले, 'स्पॉन्सर असेल गं कुणीतरी.' मी पुढे वाकून सांगितलं. ब्रेक होईपर्यंत सांगत होते. मुलीला सगळ्यांत आवडलं ते डुकराचं पिल्लू!

अप्रेझलला जाताना: बिली जीनच्या बॅगेतल्या पाच गोष्टी

१. आकडा हवा. 'मला कमी मिळतं' असं ती म्हणाली नाही. १२,५०० आणि १,५०० असं म्हणाली. मित्रमैत्रिणींशी पगाराबद्दल बोला. गुपित ठेवल्याचा फायदा तुम्हाला नसतो.

२. एकटीने जाऊ नका. त्या नऊजणी होत्या म्हणून बंदी पचली. एकटीला 'प्रॉब्लेम' म्हणतात, नऊ जणींना असोसिएशन.

३. तोडगा बरोबर न्या. ती स्पॉन्सर घेऊन गेली होती. तुम्ही केलेल्या कामाचा हिशोब, बाजारातला दर, पुढच्या वर्षीचं टार्गेट, काहीतरी टेबलावर ठेवा.

४. जिंकल्यावर मागा. तिने अट घातली ती चॅम्पियन असताना. प्रोजेक्ट यशस्वी झालेला आठवडा हा सर्वांत चांगला मुहूर्त.

५. नातं तोडू नका. रिग्जला हरवून ती त्याची मैत्रीण राहिली. भांडण आकड्याशी आहे, माणसाशी नाही.

आणि शेवटचं. एक डॉलरच्या करारावर सही करणाऱ्या त्या नऊजणींना २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय टेनिस हॉल ऑफ फेममध्ये एकत्र स्थान मिळालं. त्यातल्या बऱ्याच जणींच्या वाट्याला मोठी बक्षिसं कधी आलीच नाहीत. त्यांनी ज्या रकमेसाठी करिअर पणाला लावलं, ती दुसऱ्या मुलींच्या खात्यात जमा झाली. बिली जीन स्वतः मात्र अजून थांबलेली नाही. ८० ओलांडल्यावर तिने अर्धवट सुटलेली इतिहासाची डिग्री पूर्ण करण्यासाठी त्याच जुन्या कॉलेजात पुन्हा नाव घातलं, जिथे तिला एकेकाळी खेळाडू म्हणून स्कॉलरशिप नव्हती.

तुमच्या ऑफिसात तुमच्यानंतर येणाऱ्या मुलीचं पहिलं ऑफर लेटर काही अंशी तुम्ही लिहिणार आहात, या वर्षीच्या अप्रेझलला. तिला तुमचं नाव कदाचित कळणारही नाही. तारीख कधीची आहे तुमची?